शिंपल्यांचं माप

पळसदेव
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

दीपक,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही. विसरले म्हणून नव्हे.

तुझा ‘मृतसाठा’ सिनेमा पाहिला. स्वराली बारामतीहून कॉलेजला सुट्टी म्हणून आली होती, तिच्या मोबाईलवर. गावात सगळ्यांत शेवटी आम्हीच पाहिला म्हण ना. इंदापूरच्या एसटीत माझ्या शेजारची जागा पंधरा दिवस रिकामी का राहते, याचा मला उलगडा होत नव्हता. आता झाला.

धरणाकाठचं गाव. उन्हाळ्यात पाणी उतरतं, बुडालेलं जुनं देऊळ वर येतं. मानाजी नावाचा शेतकरी एका संध्याकाळी मोटर पाण्यात पुढे सरकवायला जातो आणि परत येत नाही. काठावर मोटरसायकल आणि चपला. त्याची बायको तालुक्याच्या वाचनालयात कामाला, चष्म्याला साखळी, एसटीने जाऊन-येऊन. सगळी गोष्ट तीच सांगते, डोळ्यांत पाणी आणून. आणि शेवटच्या दहा मिनिटांत कळतं की नवरा कमरेएवढ्या पाण्यात उभा असताना तिनेच घरून मोटरच्या मोबाईल स्टार्टरला फोन लावून ती चालू केली. करंट बसला, माणूस खलास.

माझ्या नवऱ्याचं, तुझ्या दादाचं मानसिंग नाव बदलून मानाजी केलंस, तेवढी लाज राखलीस. माझ्या चष्म्याची साखळीसुद्धा बदलली नाहीस.

मुलाखतीत तू म्हणालास, हा ‘डोमेस्टिक थ्रिलर’ आहे. म्हणजे घरगुती. पापडासारखा. आणि म्हणालास, यातली निवेदक विश्वास ठेवण्यासारखी नाही, तेच खरं तंत्र. अरे, हे तंत्र तुला शिकवलं कुणी? मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू नववीत होतास. माझ्या रुखवतात भांडी कमी आणि रहस्यकथांची ट्रंक मोठी, म्हणून गाव हसलं होतं. तू तेवढा हसला नाहीस. तू ट्रंकेवर तुटून पडलास. वाचून झालं की पहिल्या पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवायचास, म्हणजे पुढच्याचा मुडदा पडला. मी खोडरबर घेऊन बसायचे आणि तुला शिव्या द्यायचे.

ओसरीवर बसून तुला एक फरक सांगितला होता. धान्याच्या पोत्यातून एकदम साप निघाला की वाचक दचकतो, आणि पुढच्या ओळीला विसरतो. पण पोत्यात साप आहे हे वाचकाला आधी सांगून ठेवायचं, आणि मग घरातली बाई ज्वारी काढायला उठते. तेव्हा वाचकाचा घसा कोरडा पडतो. पहिला धक्का, दुसरी उत्कंठा. धक्का कुणालाही देता येतो. तू मला दिलास तसा.

वाचनालयात मी रहस्यकथांचं कपाट चार खणांत लावते. खुनी कोण हे शेवटी कळणाऱ्या. खुनी पहिल्या पानावरच माहीत असून तो सापडतो कसा, हे सांगणाऱ्या. निरपराध माणूस जीव घेऊन पळतोय अशा. आणि सांगणाऱ्याच्या डोक्यातच गोंधळ असलेल्या. तुझा सिनेमा कुठल्या खणात ठेवू, सांग. परवा कॉलेजची तीन पोरं खिडकीशी आली. पुस्तक नको होतं त्यांना. त्यांना ‘मृतसाठामधली बाई’ बघायची होती.

आपले शेजारी दादासाहेब कालच येऊन बसले. ‘‘वयनी, आमी काय इस्वास ठेवत न्हाय. पर लोकं बोलत्यात. दीपक घरातलाच हाय, त्याला ठावं असल्याबिगर त्यानं काढला न्हाय, आसं म्हणत्यात.’’ चहा मात्र घेतला नाही. पोट बिघडलंय म्हणाले.

हे सगळं गिळलं असतं मी. पण सिनेमा संपल्यावर स्वरालीने मोबाईल पालथा ठेवला आणि विचारलं, ‘‘आई, त्या दिवशी मी खाटेवर गृहपाठ करत होते. तू पप्पांचा फोन कानाला लावला होतास. कुणाला लावलास?’’

नऊ वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. तुझ्या सिनेमाने विचारायला लावलं. मी म्हणाले, आठवत नाही. ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने बारामतीला निघून गेली, सुट्टी तीन दिवस बाकी असताना. त्यानंतर तिने माझा फोन घेतलेला नाही.

माझी पोरगी मला परत हवी आहे. तू पळसदेवला येऊन चारचौघांत सांग की ती बाई मी नव्हे. पत्र लिहिते आहे, कारण कागदावरचं भांडण तुला पुसता येणार नाही.

तुझी वहिनी,
मेघना


पळसदेव
रविवार, १० ऑगस्ट २०२५

दीपक,

चार पानांच्या पत्राला तुझं उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर, दीड ओळ. ‘वहिनी, ही काल्पनिक कथा आहे. सिनेमाच्या सुरुवातीला तशी पाटी आहे.’ आणि हात जोडल्याचं चित्र.

पाटी वाचली मी. मग ही काल्पनिक कथा नीट उकलून बघू या. विश्वास ठेवण्यासारखी नसलेली निवेदक हवी होती ना तुला? घे. मी पोलिसांना एक खोटं सांगितलं होतं.

२०१६ चा मे महिना. धरण उण्यात, म्हणजे तुझ्या त्या मृतसाठ्यात गेलेलं, पाणी रोज वीतभर मागे सरकत होतं आणि आम्ही सगळे पाइप, केबल, मोटर घेऊन त्याच्या मागे धावत होतो. लाईट संध्याकाळी सहानंतर, तीही दोन तास. तुझे दादा साडेपाचला निघाले. म्हणाले, ‘‘फोन चार्जिंगला ठेवलाय. मोटर फुडं सरकवतो. लाईट आली की तू हितनं स्टार्टर लाव, तवर मी भाईर आल्याला आसतो.’’ मी सहा चाळीसपर्यंत थांबले. मग त्यांच्याच फोनवरून स्टार्टरच्या नंबरला फोन लावला, एक दाबला, मोटर चालू झाल्याचा आवाज आला. रोजच्यासारखा. शेतात पाणी आलं. माणूस आला नाही.

पोलिसांनी त्या फोनवरचा शेवटचा कॉल दाखवला तेव्हा मी म्हणाले, तो त्यांनीच निघताना लावला, ते सहा चाळीसलाच घरातून गेले. सगळ्यांनी मानलं. पाणबुडे तीन दिवस शोधत होते. मोटर जागची हललीसुद्धा नव्हती. मी त्याचा अर्थ असा लावला की ती सरकवायला ते पाण्यात उतरले, केबलचा जोड उघडा होता, आणि तेवढ्यात मी एक दाबला.

नऊ वर्षं, दीपक. त्या दिवसापासून मी स्टार्टरला फोन लावलेला नाही. दादासाहेब लावतात. मी सांगते माझ्या फोनला रेंज नाही.

हे मी आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं. २०१८ च्या दिवाळीत, मागच्या दारी, भांडी घासायच्या दगडावर बसून. त्या माणसाने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाला, ‘‘वहिनी, तुम्ही काही केलेलं नाही. मला माहीत आहे.’’ त्या एका वाक्यावर मी सात वर्षं काढली. आणि त्याच माणसाने ते माझं रडणं उचलून दोन तास नऊ मिनिटांच्या सिनेमाचा शेवट केला. माझी चूक होती, तिला तू खून ठरवलंस, कारण चुकीला प्रेक्षक टाळ्या वाजवत नाहीत.

विश्वासाने मांडीवर डोकं ठेवलं तर केस कापून नेलेस.

आणखी एक. जुन्या गावातला तो मापाचा प्रसंग. तुझी ती बाई नवऱ्याबरोबर उघड्या पडलेल्या जुन्या घराच्या उंबऱ्यापाशी उभी असते. म्हणते, मी नव्या गावठाणात लग्न होऊन आले, या उंबऱ्यावर मी माप ओलांडलंच नाही. तो फुटक्या गाडग्याच्या बुडात नदीच्या शिंपल्या भरतो, उंबऱ्यावर ठेवतो, ती उजव्या पायाने माप लवंडते, शिंपल्या सांडतात. तो म्हणतो, ‘आता तुजी विच्छा ऱ्हायली न्हाय कसली.’ मुलाखत घेणारी मुलगी म्हणाली, अख्ख्या सिनेमात हा एकच प्रसंग जिवंत आहे. तू लाजलास. म्हणालास, कल्पनाशक्ती.

हे सगळं घडलेलं आहे. त्याच दिवशी, दुपारी तीनला. शब्दसुद्धा तेच.

मी हे फक्त दादासाहेबांच्या बायकोला, संस्कृतीला सांगितलं होतं. ती पोटात काही ठेवत नाही, तिनेच तुला सांगितलेलं दिसतंय. माझ्याकडे विचारलं असतंस तर वाईट वाटलं नसतं. तिला मी बघून घेतेच. तेवढं खरं-खोटं कळव.

वहिनी


इंदापूर, वाचनालय
सोमवार, १८ ऑगस्ट २०२५

दीपक,

तुझं उत्तर आलं. लगेच आलं, पत्र पोचल्याच्या दिवशीच. ‘हो वहिनी, संस्कृतीवहिनींनीच बोलता बोलता सांगितलं होतं. त्यांना रागावू नका. चूक माझी.’ किती समजूतदारपणा!

संस्कृतीला मी काहीही सांगितलेलं नाही.

तिलाच काय, कुणालाच नाही. तुला मागच्या दारी सगळं सांगितलं तेव्हाही शिंपल्यांचं सांगितलं नाही. ते माझं होतं. माणूस गेल्यावर हाताशी उरलेली एवढीच एक दुपार, तीही वाटून टाकायची का? सासूबाई नातीला घेऊन घरी होत्या. जुन्या गावाचं सगळं मैदान उघडं, चिखल वाळून भेगा पडलेल्या, चारी बाजूंना माणूस नाही, दूर पाण्याकडेला दोन बगळे. त्या उंबऱ्यावर मी होते आणि मानसिंग होते. मी तुला सांगितलं नाही. मग उरलं कोण?

आठ दिवस मी हाच हिशेब करते आहे. दुपारी तीन ते साडेपाच ते माझ्या नजरेसमोर होते. फोन घरात, त्यावरून तुला एकही कॉल नाही, पोलिसांनी यादी मला दाखवली होती. तू मुंबईत होतास, दुसऱ्या दिवशी आलास. म्हणजे त्यांनी तुला हे सांगितलं ते त्यानंतर. मेल्यानंतर माणसं बोलत नाहीत.

पुरावा वाचकासमोर ठेवायचा आणि त्याची नजर दुसरीकडे वळवायची, हा नियम मी तुला घालून दिला होता. तू पाळलास. सगळ्यांना त्या स्टार्टरकडे बघायला लावलंस, मलाही, आणि खरा पुरावा उंबऱ्यावर उघडा ठेवलास. पण तो पुरावा आहे हे तुझं तुलाच कळलं नव्हतं. प्रसंग गोड होता, सोडवेना. लेखकाची हाव रे ही. खुनी पकडला जातो तो अशाच कुठल्या तरी हावेपायी, हे तू शंभर वेळा वाचलं आहेस.

आणि तुझं ते वाक्य. ‘तुम्ही काही केलेलं नाही. मला माहीत आहे.’ मी ते सांत्वन समजत होते! तुला खरोखरच माहीत होतं. माझा हात हातात धरून बसला होतास, मी ऊर फुटेस्तोवर रडत होते की मी नवरा मारला, आणि तुला माहीत होतं की तो कुठे तरी जेवून, हात धुऊन, बडीशेप खात बसला असेल. एक वाक्य पुढे बोलायचं होतं फक्त. तुझ्या तोंडाला कुलूप होतं. सिनेमा काढताना मात्र ते बरोबर उघडलं.

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे खूप पाहिले. जिवंत माणसाला मारून त्याच्या टाळूवरचं खाणारा तूच.

तुझ्या आईचं काय, याचा तरी विचार केलास? चतुराबाई नऊ वर्षं रोज संध्याकाळी मानसिंगचं ताट वाढतात. वाढतात, झाकतात, सकाळी ती भाकरी म्हशीला घालतात. पितृपंधरवड्यात म्हाळ घालू देत नाहीत, माझ्या गळ्यातलं काढू देत नाहीत. सात वर्षं झाली तेव्हा वकील म्हणाले, कोर्टातून मृत जाहीर करून घ्या, सातबाऱ्यावर नाव लागेल. त्या म्हणाल्या, ‘‘माझ्या जित्त्या लेकाला कागदावर मारत्या व्हय गं?’’ आम्ही सगळे त्यांना भ्रमिष्ट समजलो. तूही मान हलवलीस आमच्याबरोबर.

तुझ्या सिनेमाला खण सापडला. ज्याचा खून झाला तो मेलेलाच नसतो, अशीही पुस्तकं असतात. मी त्यांना कधी वेगळा खण दिला नाही, कारण मला ती फसवी वाटतात.

कुठे आहेत ते? या वेळी दीड ओळ नको. फोन कर आणि तोंडाने बोल.

मेघना


पळसदेव
सोमवार, २५ ऑगस्ट २०२५

दीपक,

फोनवर चाळीस मिनिटं बोललास, त्यातली पंचवीस रडलास. रडून झालं ते बरं झालं, आता ऐक.

वापीजवळ मोटर रिवाइंडिंगचं दुकान. घर. घरात एक बाई, सहा वर्षांची एक मुलगी. मानसिंग तुला २०१७ मध्ये भेटले, तुला शपथ घातली, तू पाळलीस. का गेले, ते तू सांगायला लागलास तेव्हा मी थांबवलं. अजूनही नको. उन्हाने, पाण्यामागे धावून, माझ्या बोलण्याने, कशानेही जीव विटला असेल. विटला तर दारातून सांगून जायचं. चपला काठावर ठेवून नव्हे. आणि जाताना फोन माझ्या हाताशी ठेवून, लाईट आली की तूच चालू कर, असं बजावून तर नव्हेच. त्यांनी तेवढा विचार केला नसेल, असं तू म्हणालास. नऊ वर्षं मी तेवढाच विचार केला.

तू म्हणतोस, आत्ता बोललो तर सिनेमाचं नाव जाईल, पुढचं काम जाईल, दादाचा तिकडचा संसार मोडेल. सगळ्यांचं जातंय ते तुला दिसतं. माझं गेलेलं दिसत नाही. स्वरालीने परवा एकच मेसेज केला, ‘गणपतीला येणार नाही.’ मी तिला फोनवर हे सांगू शकते. पण ती म्हणेल, आधी आठवत नाही म्हणालीस, आता पप्पा जिवंत आहेत म्हणतेस. माझ्यावर आता कोण विश्वास ठेवणार? विश्वास ठेवण्यासारखी निवेदक नाही ना मी. हे तुझ्याच तोंडून यायला हवं, आणि ज्यांनी सिनेमा पाहिला त्यांच्यासमोर.

शनिवारी, ३० तारखेला, दुपारी चार वाजता आपल्या गणेश मंडळाने तुझा सत्कार ठेवला आहे. पत्रिका माझ्याकडेही आली. बघ, सोबत परत पाठवते आहे. पहिल्या पानावर मी पेन्सिलीने लिहिलं आहे: ‘मानसिंग जिवंत आहे.’ तू लिहायचास तसंच लिहिलं. आता पुढचं वाचण्यात मजा राहिली नाही ना?

मी तुला धक्का देणार नाही. सगळं आधी सांगून ठेवते. मी पहिल्या रांगेत, डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर बसेन. शेजारी तुझी आई असेल. स्वरालीला मी दादासाहेबांकरवी बोलावलं आहे, काकाचा सत्कार म्हणून ती येईल. माझ्या पिशवीत आधीची तिन्ही पत्रं आहेत, मी नक्कल काढूनच पाठवत होते, आणि तुझे व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज छापून घेतले आहेत. तू बोलला नाहीस तर मी उठून बोलेन. तुझ्या आधी, मध्ये, की शाल घालताना, ते सांगणार नाही.

पोत्यात साप आहे, दीपक. आता ज्वारी काढायला ऊठ.

मेघना


पळसदेव
रविवार, ३१ ऑगस्ट २०२५

दीपक,

तू व्यासपीठावरून उतरलास तो थेट गाडीत बसलास. शेवट न बघता उठून जाणारा दिग्दर्शक मी पहिल्यांदा पाहिला. म्हणून लिहिते.

तू अकरा मिनिटं बोललास. थरारपट म्हणजे काय, फ्लॅशबॅक कसा वापरावा, प्रेक्षकाला माहिती किती द्यावी. पाच वेळा पाणी प्यालास. प्रत्येक वेळी ग्लास ठेवताना डावीकडून तिसऱ्या खुर्चीकडे पाहिलंस. मी नुसती पिशवी मांडीवर घेतली, तर तुझं वाक्य तुटलं. मी चष्मा पुसला, तर तू ‘धन्यवाद’ म्हणालास आणि परत बोलायला लागलास. मंडळाची पोरं हसली. खरं सांगू? नऊ वर्षांत मला पहिल्यांदा मजा आली.

मग तू पुन्हा ‘धन्यवाद’ म्हणालास आणि खुर्चीकडे वळलास, आणि मी उभी राहिले. पिशवी उघडलीसुद्धा नव्हती. ‘‘दादा जिवंत आहे,’’ तू म्हणालास. माइकमध्ये एवढं मोठ्याने की स्पीकर किंचाळला. ‘‘वहिनींनी काही केलेलं नाही. मला आठ वर्षं माहीत आहे. त्यांना मी सांगितलं नाही.’’ एवढंच. बास झालं तेवढं.

तू गेल्यावर दादासाहेब उठले, माझ्यापुढे येऊन नुसते उभे राहिले, आणि मग संस्कृतीवर खेकसले, ‘‘आगं, वयनीस्नी पाणी दे की!’’ लोक ओशाळले की त्यांना कामं सुचतात. चार जणींनी चार तांबे आणले.

स्वराली मागच्या रांगेत होती. ती आली आणि माझ्या शेजारी तुझ्या आईच्या जागेवर बसली, कारण आई उठून घराकडे चालायला लागल्या होत्या. ती म्हणाली, ‘‘तू स्टार्टरला लावला होतास ना फोन?’’ मी म्हणाले, ‘‘हो.’’ ‘‘मग तेव्हाच का नाही सांगितलंस?’’ ‘‘तुझा बाप मी मारला, असं मला वाटत होतं. ते कसं सांगणार?’’ माझ्या हातातली पिशवी तिने घेतली. घरापर्यंत तिनेच धरली.

आता तुझ्या आईचं. तू ज्याला सगळ्यांत घाबरत होतास ते.

आम्ही पोचलो तेव्हा त्या चुलीपुढे बसल्या होत्या. ताट वाढलेलं, दोन भाकरी, वांग्याची भाजी, कांदा. झाकलेलं नव्हतं. मला म्हणाल्या, ‘‘तितं जेवत आसंल का गं त्यो?’’

मी म्हणाले, ‘‘जेवत असतील. घर आहे. बाई आहे.’’

‘‘लेकरू?’’

‘‘मुलगी आहे एक. सहा वर्षांची.’’

त्यांनी ताट जवळ ओढलं. मला वाटलं रडतील. मी रागात होते तरी पाठीवर हात ठेवायला पुढे झाले. तो त्यांनी झिडकारला. म्हणाल्या, ‘‘मी म्हैस पोसली नऊ वरसं, त्याच्या भाकरीवर. आनि त्यो जेवत हुता.’’ मग ताट उचलून स्वरालीच्या पुढे सरकवलं. ‘‘खा. तुजं हाय हे. पैल्यापासनं तुजं हुतं.’’ स्वराली जेवली. मानसिंगच्या ताटात नऊ वर्षांत पहिल्यांदा माणूस जेवलं.

काही कामं राहिली आहेत. उद्या मी पोलीस ठाण्यात जाऊन माझा जबाब दुरुस्त करणार आहे. सहा चाळीसचा फोन माझा होता, ते साडेपाचला गेले होते. खोटं मी सांगितलं, तर काढणारही मीच. त्यापुढे पोलीस वापीला जातात की नाही, तो त्यांचा प्रश्न. वकिलांनाही भेटणार आहे. मृत जाहीर करायला नव्हे. जिवंत माणसापासून सुटायचा कागद वेगळा असतो, तो भरायला. तुझ्या दादाला हे पत्र वाचून दाखव. त्यांना वेगळं लिहायला माझ्याकडे कागद नाही.

आणि तुला. माफी मागायला येऊ नकोस. कधी काळी माझा राग ओसरला तर मी कळवीन, तोवर ट्रंक बंद आहे. ‘वहिनी’ म्हणायचं थांबव. ते नातं ज्यांच्यामुळे लागलं, त्यांनी ते पाण्याकाठी चपलांबरोबर सोडलं.

एक सांगायचं राहिलं. काल सहाला लाईट आली. दादासाहेब सवयीने खिशातला फोन काढत होते, मी त्यांना थांबवलं. नंबर मला पाठ होता. नऊ वर्षांत एक आकडा विसरले नव्हते. स्वराली शेजारी उभी होती, तिने फोनला कान लावला. मी एक दाबला. पलीकडून बाईचा तो ध्वनिमुद्रित आवाज आला, ‘‘मोटर चालू केली आहे.’’

पाटाला पाणी आलं. पाण्यात कुणी नव्हतं. कधीच नव्हतं.

मेघना